मागची डावी सीट

नोकरी, लग्न आणि गाडी हे तीन निर्णय माणसाने फक्त स्वतःच्या अकलेने घ्यावेत, असं दिगंबरराव सबनीस म्हणाले आणि ‘ब’ गाडीचं मागचं डावं दार उघडून आत बसले. त्यांची नोकरी मामांनी लावली होती आणि लग्न मामींनी जमवलं होतं. त्यामुळे उरलेल्या एकाच निर्णयावर तिन्हींचा भार पडला होता, आणि तो गेला दीड महिना चालू होता.

गुडघा आणि पुढची सीट यांच्यामध्ये त्यांनी मूठ धरून पाहिली. मूठ आणि वर दोन बोटं.

“अहो, मागच्या खेपेला हेच मोजलं होतंत,” शकुनताई बाहेरून म्हणाल्या.

“तेव्हा बूट घातले होते. आज चपला आहेत.”

शकुनताईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. काचेपलीकडे डायमंड हार्बर रोडवर बस, ऑटो आणि टोटो नावाच्या बॅटरीवरच्या रिक्षा एकमेकांना हॉर्नने समजावत होते. रस्त्याच्या त्या बाजूला, अगदी समोर, ‘अ’ गाडीचं शोरूम होतं. दोन्ही गाड्या छोट्या एसयूव्ही म्हणवणाऱ्या, उंचीला सारख्या, किमतीला सारख्या, आणि जाहिरातीत दोघीही डोंगर चढणाऱ्या. कोलकात्याच्या बेहाला भागात डोंगर नाही. दिगंबरराव गाड्यांची नावं घेत नसत. सरकारी विमा कंपनीत निविदा उघडताना पक्षपाताचा आरोप नको म्हणून अ आणि ब म्हणायची सवय लागली होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

“सर, सामने बैठिए ना एक बार,” शौभिक म्हणाला. हा ‘ब’ गाडीचा विक्रेता. सबनीस दांपत्य पाचव्यांदा आलं तरी तो पहिल्यांदा आल्यासारखा हसत असे. “ड्राइवर सीट का हाइट भी अ‍ॅडजस्ट होता है.”

“वो बाद में,” दिगंबरराव म्हणाले, आणि बायकोला मराठीत समजावून सांगितलं, “पुढचं सगळ्या गाड्यांचं सारखंच असतं. फरक असतो तो मागे.”

शकुनताईंनी शौभिककडे पाहिलं आणि शौभिकने जमिनीकडे.

गाड्यांविषयी दिगंबररावांचा अधिकार कुणी नाकारला नसता. उभी नोकरी त्यांनी मोटार विभागाच्या दाव्यांवर काढली होती. कुठल्या गाडीचा बंपर कितव्या धक्क्याला हातात येतो, कुठल्या दाराचा पत्रा कागदासारखा दुमडतो, हे ते झोपेतही सांगू शकत. गाडी कशी आदळते याविषयी पूर्व भारतात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसावं. ती चालते कशी, हे मात्र त्यांना नीटसं माहीत नव्हतं.

लायसन्स होतं. तरुणपणी सांगलीत एका ओळखीच्या एजंटाने काढून दिलेलं, पुढे ज्या त्या गावच्या ऑफिसने नूतनीकरण करून आणलेलं. पण नागपूर झालं, भोपाळ झालं, शेवटी कोलकाता झालं. सकाळी दारात ऑफिसची गाडी यायची, ड्रायव्हर उतरून मागचं डावं दार उघडायचा, आणि दिगंबरराव वर्तमानपत्र घेऊन आत बसायचे. एस्प्लनेडला ऑफिसच्या पायरीशी तेच दार पुन्हा उघडायचं. आपल्याला गाडी चालवता येत नाही हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती.

विचारण्याची वेळ आली ती कोजागिरीला, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, मसाला दुधाच्या पेल्यांसह. सप्टेंबरअखेर ते निवृत्त झाले होते, कंपनीचा फ्लॅट सोडला होता, आणि मुलीचं बाळंतपण होईपर्यंत म्हणून बेहालात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. लिफ्ट नव्हती. चैत्रालीला डॉक्टरांनी जिने बंद केले होते. ती नवऱ्याकडे, शहराबाहेर बजबजला होती. सलील तिथल्या तेलाच्या डेपोत अधिकारी, वसाहतीत तळमजल्याचं घर, ड्यूटी पाळ्यांची.

“म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी नाही?” मंजुषा केळकरांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं होतं.

“चैत्रालीला जिना चढता येत नसेल तर माहेर तिच्या दारात जाईल,” दिगंबरराव म्हणाले होते. “गाडी घेतोय. रात्री-बेरात्री फोन आला तरी बजबजहून हॉस्पिटलला न्यायला मी आहे ना.”

दोन-तीन जणांनी मान डोलावली. एका वृद्ध गृहस्थांनी “बाप असावा तर असा” म्हटलं. दिगंबररावांना घरी येताना टॅक्सीत बराच वेळ बरं वाटत होतं. टॅक्सीवाल्याचे पाय काय करताहेत हे त्यांनी त्या रात्री प्रथमच वाकून पाहिलं.

तेव्हापासून तुलना चालू होती. डिकी, मागच्या सीटचा उतार, मागे एसीची जाळी, आडवं झाल्यास डोक्याशी किती जागा. पहिल्या आठवड्यात अ पुढे होती, दुसऱ्यात ब. तिसरा आठवडा दोघींच्या खड्ड्यातल्या वर्तणुकीचे व्हिडिओ पाहण्यात गेला. निर्णय लांबला की दिगंबररावांना रात्री झोप लागे, आणि जवळ आला की पहाटेच जाग येई. आता मात्र डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढच्या आठवड्यात होती. फोन कधीही वाजला असता.

तो तिथेच वाजला. शकुनताईंनी उचलला, थोडं ऐकलं, “विचारते” म्हणाल्या.

“चैत्राली म्हणते, गाडी तिकडेच आणा. तिला चढता-उतरता येतं का ते बघायचंय.”

“इतक्या लांब कसे देतील?”

“बजबज? देगा ना सर,” शौभिक म्हणाला. मराठी त्याला येत नव्हतं, पण बजबज कळलं होतं. “चलिए, आप ही चलाके ले जाइए.”

दिगंबरराव मागच्या सीटवर थोडे आणखी मागे सरकले. “जाते वक्त आप चलाइए. सस्पेन्शन मागे बसल्यावरच कळतं.” यातला उत्तरार्ध मराठीत झाला, पण आवाज अधिकाऱ्याचा होता, त्यामुळे शौभिक निमूट स्टिअरिंगवर बसला. शकुनताई त्याच्या शेजारी बसल्या.

‘ब’ गाडी रस्त्यावर आली तशी समोरच्या शोरूमच्या काचेमागची मौमिता उभी राहिली. ही ‘अ’ गाडी विकत असे आणि सबनीसांच्या पाच भेटींपैकी पाचही तिने रस्त्यापलीकडून पाहिल्या होत्या. तारातलाला सिग्नलवर थांबले तेव्हा ‘अ’ गाडी मागे येऊन उभी होती. काच खाली करून मौमिताने नमस्कार केला.

“मॅडमने फोन किया था,” ती म्हणाली. “दोनों एक साथ देख लीजिए.”

शौभिकने आरशात पाहिलं आणि बजबज ट्रंक रोडभर त्याने कुणालाच ओव्हरटेक करू दिलं नाही.

“तू बोलावलंस तिला?” दिगंबररावांनी विचारलं.

“आज काय ते ठरू दे,” शकुनताई समोर बघत म्हणाल्या. “उद्या-परवा म्हणता म्हणता मूल चालायला लागेल.”

दिगंबरराव खिडकीबाहेर पाहू लागले. हा रस्ता ते कितीतरी वेळा आले होते, पण कडेचाच भाग पाहिला होता: मिठाईची दुकानं, ज्यूट मिलची भिंत, पानाची टपरी. आज ते दोन सीटांच्या मधून पुढे बघत होते, आणि पुढे रस्ता नव्हता, दावे होते. टोटो वळला न सांगता. सायकलवाला मधोमध. टँकर, त्याच्यामागे टँकर. प्रत्येक दाव्याच्या अर्जात एक वाक्य असायचंच: गाडी योग्य वेगात व डाव्या बाजूने जात असताना अचानक. इतक्या वर्षांत एकाही अर्जदाराची चूक त्यांनी वाचली नव्हती. सगळ्यांना अचानकच भेटलं होतं.

वसाहतीत चैत्राली फाटकाशीच उभी होती, एक हात कमरेवर, पायात सलीलच्या मोठ्या चपला. दोन गाड्या ओळीने येताना पाहून ती हसली.

“बाबा, वरातच आणलीत.”

“उन्हात कशाला उभी राहिलीस?”

“ऊन कुठाय? बसून बसून कंटाळा आला.” कोलकात्यात शिकलेली चैत्राली मराठी बोलताना मधेच थांबून शब्द शोधत असे; आज तिने शोधले नाहीत. ती आधी ‘ब’मध्ये चढली. एका हाताने वरची कडी धरून, दुसरा हात आईच्या खांद्यावर. उतरली. मग ‘अ’मध्ये. दिगंबरराव दोन्ही वेळा दाराची कड धरून उभे राहिले, जणू दार त्यांनीच बनवलं होतं.

“हिच्यात सोपं पडतं,” ती ‘अ’मधूनच म्हणाली. मौमिताने शौभिककडे पाहायचं टाळलं. “आता बाबा, एक चक्कर मारा. मी बसलेय.”

“आत्ता?”

“मग कधी? पुढच्या आठवड्यात बसायचंच आहे ना. रंगीत तालीम.”

“चैत्राली, उगाच काहीतरी,” शकुनताई पटकन म्हणाल्या.

“आई, कॉलनीतल्या कॉलनीत. चालत जावं इतक्या हळू.” आणि मौमिता पुढच्या डाव्या दाराकडे निघालेली पाहून कॉलनीतच फिरतोय, तुम्ही चहा घ्या, असं ती बंगालीत म्हणाली, “दिदि, कॉलोनीर भेतोरेइ तो घुरबो. आपनि चा खान.”

मौमिताने नियमाबद्दल काहीतरी सुरू केलं. मग चैत्रालीच्या पोटाकडे, शकुनताईंच्या चेहऱ्याकडे आणि गिऱ्हाईक जवळजवळ हातात आलंय या वस्तुस्थितीकडे तिने एकदम पाहिलं, आणि किल्ली दिगंबररावांच्या हातावर ठेवली.

किल्ली म्हणजे एक काळा चपटा डबा होता. तो कुठे घालायचा हे दिगंबररावांना दिसेना. त्यांनी उजवीकडचं पुढचं दार उघडलं आणि आत बसले. समोर स्टिअरिंग होतं. ते इतकं जवळ असतं हे मागून कधी जाणवलं नव्हतं.

“बाबा, सीट थोडी मागे घ्या की. सलील आधी सीट घेतो, मग आरसा.”

“तेच करतोय.”

“खाली डाव्या हाताला दांडी असते ना?”

“माहितेय.” दांडी सापडली. सीट एकदम मागे गेली, मग पुढे आली. आरशात त्यांना चैत्रालीचं कपाळ दिसलं, मग डोळे. डोळे शांत होते.

“हिला किल्ली फिरवावी लागत नाही म्हणे. ब्रेक दाबून बटण.”

“ब्रेक दाबल्याशिवाय सुरूच होत नाही,” दिगंबरराव गंभीरपणे म्हणाले. हे त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. दोन पायपट्ट्यांपैकी रुंद ती ब्रेक, तेही पाहिलं होतं. त्यांनी दाबली, बटण दाबलं. काही आवाज झाला नाही म्हणून पुन्हा दाबलं.

“आता बंद झाली वाटतं. अगदीच कळत नाही ना, चालू आहे की बंद ते. परत बघा.”

तिसऱ्यांदा समोरचे आकडे उजळले.

“मग गिअर डीवर.”

“डी,” दिगंबरराव म्हणाले.

त्यांनी ब्रेकवरचा पाय जरा सैल केला आणि गाडी, कुणी काही न सांगता, पुढे निघाली.

शकुनताई बाजूला सरकल्याचं त्यांना दिसलं. मग वसाहतीची बाग, पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी, हे सगळं हळूहळू त्यांच्याकडे येऊ लागलं. गतिरोधक आला. त्यांनी ब्रेक दाबला तो इतका की चैत्रालीचा हात त्यांच्या सीटच्या डोक्यावर येऊन आदळला.

“लागलं?”

“नाही. हिचे ब्रेक चांगले आहेत.” ती जरा थांबली. “पायाचा नुसता अंगठा ठेवलात तरी लागतील.”

दुसरा गतिरोधक त्यांनी अंगठ्याने ओलांडला. तिसरा आला कधी आणि गेला कधी हे कळलं नाही. बागेच्या टोकाला रस्ता वळून पुन्हा घरांकडे यायचा, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तो वळत नव्हता. तो सरळ मागच्या फाटकाकडे जात होता, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने नवी कोरी गाडी, आत टेबलामागे शोभावा असा चेहरा आणि मागच्या डाव्या सीटवर अधिकाऱ्याची बायको एवढं पाहून आडवा दांडा वर केला आणि सलाम ठोकला.

आयुष्यात दिगंबररावांनी सलाम झाल्यावर गाडी कधी थांबवली नव्हती. ती बाहेर पडली.

बाहेर डेपोचा रस्ता होता. डावीकडे रिकाम्या टँकरांची रांग, उजवीकडून भरलेला एक येत होता. त्याचा हॉर्न आधी आला. दिगंबररावांनी ब्रेक दाबला, यावेळी अंगठ्याने नाही. गाडी रस्त्याच्या मधोमध, निम्मी वळलेली, उभी राहिली. मागे फाटकाचा दांडा खाली आलेला आरशात दिसला. टँकर वाढत चालला. त्याच्या कपाळावरची लाल अक्षरं वाचता येऊ लागली, मग जाळी, मग जाळीतली मेलेली पाखरं.

“बाबा.”

“हं.”

“तो थांबेल. तुम्ही नुसते थांबा.”

तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. ती तो दाबत नव्हती, नुसता ठेवला होता. टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढलं, दिगंबररावांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या दोन शब्दांनी संबोधलं, आणि कच्च्या कडेवरून, सगळं लटकं सामान खडखडवत, त्यांना वळसा घालून गेला. अपघात न होण्याचं श्रेय सर्वस्वी त्याचं होतं. दाव्याच्या भाषेत मात्र गाडी योग्य वेगात होती, कारण ती उभी होती.

टँकर दिसेनासा झाल्यावर चैत्रालीने विचारलं, “मागे घ्यायला आर असतं ना?”

“आर,” दिगंबरराव म्हणाले.

समोरच्या पडद्यावर मागचा रस्ता दिसू लागला. त्यांनी थोडं मागे घेतलं, स्टिअरिंग फिरवलं, थोडं पुढे, पुन्हा मागे. रांगेतल्या टँकरवरचे दोन क्लीनर बिडी ओढत बघत होते. एकाने हाताने खूण केली, आणखी या, आणखी. सांगलीच्या आरटीओत न दिलेली परीक्षा दिगंबररावांनी बजबजच्या डेपोच्या रस्त्यावर दिली, आणि फाटकाचा दांडा पुन्हा वर झाला तेव्हा परत सलाम झाला. या सलामाला त्यांनी मान डोलावून उत्तर दिलं.

घरापाशी गाडी उभी करून ते उतरायला लागले.

“बाबा, पी.”

“हो, पी.”

शकुनताई फाटकाशीच होत्या. त्यांच्या हातातला रुमाल पिळल्यासारखा झाला होता. त्यांनी आधी मुलीला खाली घेतलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“बाहेर गेला होतात?”

“टँकरच्या रस्त्यापर्यंत,” दिगंबरराव म्हणाले. शर्ट पाठीला चिकटला होता, पण ते ताठ उभे होते, नेहमीपेक्षा थोडे उंचही. “टर्निंग तपासून घेतलं. जमतंय. रात्री फोन आला तर बेहालाहून अर्ध्या तासात पोचेन.”

शकुनताईंनी चैत्रालीकडे पाहिलं. चैत्राली चपलेने मातीतला खडा उकरत होती.

“तर मग,” दिगंबरराव मौमिताकडे वळले, “ये वाली. अ.”

शौभिकने चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि “कॉन्ग्रॅच्युलेशन सर” म्हणाला. मौमिताने पर्समधून टॅबलेट काढला. ती रंग विचारत होती, तेवढ्यात डेपोकडून सलील सायकलवरून आला, डोक्यावर सुरक्षेचं पिवळं शिरस्त्राण. त्याने दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली.

“अरे वा. ठरली शेवटी?” तो वाकून सासऱ्यांच्या पाया पडला. “बरं झालं बाबा, तुम्ही आज भेटलात. मंगळवारी तुम्ही आणि आई बेहालातूनच थेट हॉस्पिटलला या. इथे यायचा हेलपाटा नको. दहाला आत नेणार आहेत.”

“कोणत्या मंगळवारी?”

“ह्याच. सिझेरियनच्या.” सलील हसत होता, मग हसायचा थांबला. “बाळ पायाळू आहे ना. मागच्या महिन्यातच दिवस ठरला. मी रजाही टाकलीय.” त्याने बायकोकडे, मग सासूकडे पाहिलं. “म्हटलं आईंनी सांगितलं असेल.”

शकुनताईंनी रुमालाची घडी घातली. “सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही निवृत्त झाल्यावर रोज सकाळी तयार होऊन गॅलरीत उभे राहायचात. गाडीची वाट बघत असल्यासारखे. मग ही गाड्यांची माहिती काढायला लागलात, तेव्हापासून जरा माणसात आलात.”

दिगंबररावांनी चैत्रालीकडे पाहिलं. ती आता खडा उकरत नव्हती. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती, आणि खांद्यावर तिचा हात जिथे होता ती जागा त्यांना अजून वेगळी लागत होती.

“आणि जायचं कसं?” त्यांनी सलीलला विचारलं.

“डेपोची अँब्युलन्स आहे. सकाळी येईल दारात. ड्रायव्हर असतो तिला.”

मौमिताला यातलं काही कळलं नव्हतं. ती टॅबलेटवर बोट धरून उभी होती.

“सर, बुक करूँ?”

“अहो, आता घाई नाही तशी,” शकुनताई हळूच म्हणाल्या.

“कर दीजिए,” दिगंबरराव म्हणाले. “सफेद.”

मौमिताने काहीतरी दाबलं, थोडी वाट पाहिली, आणि गाडी बुधवारी मिळेल असं सांगितलं.